गुरूच्या चालीतून उलगडलेला इतिहास

सिंहस्थ जवळ आला की नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये घाटांची कामे, रस्ते, पाणी आणि गर्दीचे नियोजन यांची चर्चा सुरू होते. आगामी सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे. मागचे ध्वजारोहण १४ जुलै २०१५ रोजी झाले होते. या दोन तारखांमधले अंतर मोजले तर ते ११ वर्षे आणि साडेतीन महिने भरते. मग सिंहस्थ ‘दर बारा वर्षांनी’ येतो असे आपण म्हणतो, त्याचे काय?

याचे उत्तर गुरू ग्रहाच्या चालीत आहे. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ सुरू होतो. राशी बारा आणि गुरू साधारण एका वर्षात एक रास ओलांडतो, म्हणून बारा वर्षांचा हिशेब रूढ झाला. प्रत्यक्षात गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ११.८६ वर्षांत पूर्ण होते. त्यामुळे सात फेऱ्यांना ८४ नव्हे, तर ८३ वर्षे लागतात. त्यात पृथ्वीवरून पाहताना गुरू दरवर्षी काही महिने मागे सरकताना, म्हणजे वक्री होताना दिसतो. या वेळीही तो सिंह राशीत शिरून पुन्हा कर्केत मागे जाईल आणि काही महिन्यांनी सिंहेत परतेल. म्हणून प्रवेशाची तारीख दर वेळी काही महिन्यांनी पुढे-मागे होते.

गुरूची ही चाल सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने इतक्या बारकाईने अभ्यासली, की प्राचीन भारताच्या कालगणनेतला एक मोठा वाद मिटायला तिची मदत झाली. या शिक्षकाचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. भारतातील विज्ञानाचा इतिहास पुराव्यांनिशी लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले ते संशोधक आणि त्यांचा मुख्य ग्रंथ मराठीत आहे.

मॅट्रिक झालेला संशोधक

दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले, मॅट्रिकची परीक्षा दिली आणि मग नोकरी धरली. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती आणि हाताशी वेधशाळाही नव्हती. संस्कृत ग्रंथ, गणित आणि रात्रीचे आकाश एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम उभे केले.

सामान्य वाचकासाठीही त्यांनी लिहिले. ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे त्यांचे पुस्तक मराठी विज्ञानलेखनाच्या सुरुवातीच्या चांगल्या पुस्तकांत गणले जाते. तारे पाहायला दुर्बीण लागत नाही, अंगणात उभे राहूनही बरेच कळते, हा विश्वास त्यांच्या नावातच दिसतो.

गुप्तांचे साल नेमके कोणते?

एकोणिसाव्या शतकात इतिहासकारांपुढे एक अडचण होती. गुप्त राजांचे शिलालेख आणि ताम्रपट मिळत होते, त्यांवर सालेही होती. पण ती ‘गुप्त संवता’ची होती. हा संवत सुरू कधी झाला, यावर एकमत नव्हते. एडवर्ड थॉमस यांनी तो इ.स. ७८ च्या शकाशी जोडला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा कल इ.स. १६६-६७ कडे होता. क्लाइव्ह बेली इ.स. १९० च्या बाजूने होते, तर जेम्स फर्ग्युसन यांनी इ.स. ३१८-१९ सुचवले होते. म्हणजे समुद्रगुप्त आणि चंद्रगुप्त नेमके केव्हा होऊन गेले, याबाबत अडीचशे वर्षांचा घोळ होता. कालिदासापासून आर्यभटापर्यंत अनेकांचा काळ याच्याशी बांधलेला असल्याने प्रश्न केवळ एका राजघराण्यापुरता नव्हता.

मुंबई इलाख्यातले अधिकारी आणि शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट गुप्त लेखांचा संग्रह तयार करत होते. त्यांना गणिती मदत हवी होती. ती दीक्षितांनी केली. १८८८ मध्ये निघालेल्या फ्लीट यांच्या त्या ग्रंथात दीक्षितांची परिशिष्टे आहेत. एकात तिथीवरून वार आणि इंग्रजी तारीख काढण्याची रीत आहे, तर दुसरे गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावर आहे.

तिथीवरून वार काढण्याचे महत्त्व एका उदाहरणाने कळते. आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार अशी नोंद आहे. भारतात लेखावर वार कोरल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. आता संवताचा आरंभ चुकीचा धरला, तर त्या वर्षीच्या आषाढ शुद्ध द्वादशीला गुरुवार येईलच असे नाही. इ.स. ३१९-२० हा आरंभ धरून दीक्षितांनी गणित केले तेव्हा तारीख आली २१ जून ४८४ आणि वार आला गुरुवार.

एक वार जुळणे हा योगायोगही असू शकतो. सातातली एक शक्यता काही फार दुर्मीळ नाही. म्हणून गुरूचा पुरावा महत्त्वाचा ठरला. आजच्या सतना परिसरात राज्य करणाऱ्या परिव्राजक घराण्याच्या ताम्रपटांवर गुप्त वर्षाबरोबर आणखी एक नाव येते. वर्ष १५६ ला ‘महावैशाख’, १९१ ला ‘महाचैत्र’, २०९ ला ‘महाआश्वयुज’ संवत्सर म्हटले आहे. ही नावे महिन्यांची वाटतात, पण ती वर्षांची आहेत आणि ती गुरूवरून पडतात.

सूर्याच्या तेजात गुरू साधारण महिनाभर दिसेनासा होतो, त्याला आपण गुरूचा अस्त म्हणतो. मग तो पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागतो, तो उदय. असे उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात. उदयाच्या वेळी गुरू ज्या नक्षत्रात असेल, त्यावरून त्या संवत्सराचे नाव ठेवायचे, अशी एक जुनी पद्धत होती. बारा वर्षांत गुरूचे उदय होतात अकरा. त्यामुळे प्रत्येक फेरीत एक नाव गळते. दुसरी पद्धत गुरूच्या मध्यम गतीवर, म्हणजे सरासरी चालीवर आधारलेली होती. ताम्रपटांवरची नावे यांपैकी उदयाच्या पद्धतीने पडलेली आहेत, हे दीक्षितांनी जुने ग्रंथ आणि नवे गणित एकत्र ठेवून दाखवले. संवताचा आरंभ इ.स. ३१९-२० धरला की ती नावे जुळत होती.

हा वाद एकट्या गणिताने मिटला असे मात्र नाही. गुरूचे चक्र पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे त्याच्यावरून एकच एक उत्तर मिळत नाही. गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, असे अल्-बिरूनीने लिहून ठेवले होते. मंदसोरच्या शिलालेखात कुमारगुप्ताचा उल्लेख मालव संवताच्या सालासह मिळाला होता. ग्रंथातली नोंद, दगडावरचा लेख, वार आणि ग्रहाची जागा असे चार वेगवेगळे धागे एकाच ठिकाणी येऊन मिळाले, तेव्हा निष्कर्ष पक्का झाला. आजच्या शालेय पुस्तकांतली गुप्तकाळाची सालेही याच पायावर उभी आहेत.

पंचांगाचाही इतिहास असतो

पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागवला होता. दीक्षितांनी काम हाती घेतले आणि त्याचा व्याप वाढत गेला. त्यातून १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळातल्या नक्षत्रांच्या उल्लेखांपासून ते दीक्षितांच्या काळात छापल्या जाणाऱ्या पंचांगांपर्यंतचा पट त्यात आहे.

ग्रंथाची रीत साधी आहे. ग्रंथकार कोण, कुठला, त्याने कोणते साल धरून गणित केले, वर्षाचे मान किती घेतले, ते मान आधी कोणी घेतले होते आणि ते आकाशाशी किती जुळते, हे प्रश्न दीक्षित प्रत्येकाला विचारतात. या प्रश्नांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आज ‘सूर्यसिद्धान्त’ म्हणून जो ग्रंथ प्रचलित आहे, तो आणि सहाव्या शतकात वराहमिहिराने ज्याचा सारांश दिला तो सूर्यसिद्धान्त, हे एक नाहीत. दोघांतले आकडे वेगळे आहेत. म्हणजे अपौरुषेय आणि अचल मानल्या गेलेल्या ग्रंथातही कोणीतरी, कधीतरी दुरुस्ती केली होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तर हा ग्रंथ म्हणजे आपल्याच परिसराची ओळख आहे. गोदाकाठच्या पाथरीचा ज्ञानराज, कोकणातल्या नांदगावचा गणेश दैवज्ञ अशी नावे त्यात भेटतात. गणेशाने १५२० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ग्रहलाघव’वरून महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके तयार होत होती. अवघड त्रिकोणमिती टाळून सोप्या आकडेमोडीने ग्रह काढता यावा, अशी सोय त्याने केली होती. साडेतीनशे वर्षांत त्या आकड्यांत फरक साचला आणि ग्रहणाची वेळ किंवा ग्रहाचा उदय चुकू लागला. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञांनी नवी कोष्टके तयार केली. गणेशाची बुद्धी मोठी होती आणि तरीही त्याचे आकडे बदलावे लागले, या दोन्ही गोष्टी दीक्षित एकाच वेळी सांगतात.

कृत्तिका कुठे उगवतात?

दीक्षितांचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त ठरलेला मुद्दा शतपथ ब्राह्मणातला आहे. त्यात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत आणि इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचे विधान येते. दीक्षितांनी त्याकडे आकाशातला वेध म्हणून पाहिले.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. एका डुलण्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा शतकांगणिक बदलतात. आज नाशिकहून पाहिले तर कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, त्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते, म्हणजे हे अंतर झाले अडीच मुठींचे. कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील, हे उलट गणित करून दीक्षितांनी काढले. उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या संशोधनपत्रिकेत त्यांनी ते मांडले.

गणित बरोबर आहे. वाद आहे तो त्याच्या अर्थाचा. ते वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः आकाश पाहिले होते, की जुन्या काळापासून चालत आलेली समजूत नोंदवली होती? आणि ‘पूर्वेपासून ढळत नाहीत’ म्हणजे किती काटेकोर पूर्व? त्या काळी कृत्तिकांची उगवण्याची जागा एक अंश सरकायला जवळपास पावणेदोन शतके लागत. नजरेचा अंदाज तीन अंशांनी चुकला, तर काळ पाचशे वर्षांनी पुढे-मागे होतो. शिवाय एका नोंदीवरून त्या नोंदीचा काळ कळेल, संपूर्ण ग्रंथाचा कळेलच असे नाही. त्यामुळे भाषेच्या आणि उत्खननाच्या पुराव्यांवर भर देणारे अनेक अभ्यासक शतपथ ब्राह्मणाला इतके जुने मानत नाहीत.

भारतीय ज्योतिष मुख्यतः इथेच स्वतंत्रपणे वाढले, हा दीक्षितांचा कलही पुढे सर्वांना मान्य झाला नाही. डेव्हिड पिंग्री यांच्यासारख्या विसाव्या शतकातल्या संशोधकांनी बाबिलोनी आणि ग्रीक ज्योतिषाशी असलेले संबंध तपशिलाने मांडले. त्यावरही प्रतिवाद झाले. मात्र दीक्षितांशी असहमत होणाऱ्यालाही त्यांचे आकडे समोर ठेवूनच बोलावे लागते, कारण त्यांनी आपली आकडेमोड आणि आधार लपवून ठेवले नाहीत. पुढच्याने तपासावे अशीच त्यांची मांडणी आहे.

संक्रांत आणि उत्तरायण

इतिहासाचा हा अभ्यास दीक्षितांना थेट वर्तमानाकडे घेऊन गेला. मकर संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ, असे आपण मानतो. पण दिवस मोठा होऊ लागतो तो २१-२२ डिसेंबरच्या सुमारास आणि संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. हा फरक आला कुठून?

ऋतूंचे एक चक्र पूर्ण होते ३६५ दिवस, ५ तास आणि सुमारे ४९ मिनिटांत. सूर्य त्याच ताऱ्यापाशी परत यायला मात्र त्याहून सुमारे २० मिनिटे जास्त लागतात. आपली पंचांगे ताऱ्यांना धरून चालतात, त्यांना निरयन म्हणतात. ऋतूंना धरून चालणारे पंचांग ते सायन. वीस मिनिटांचा हा फरक साचत साचत ७०-७२ वर्षांत एक दिवस होतो. १८६३ मध्ये स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी. आता संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. असेच चालू राहिले तर सुमारे दोन हजार वर्षांत सण आणि ऋतू यांच्यात आणखी एका महिन्याची तफावत पडेल.

दीक्षितांचे मत सायनाच्या बाजूने होते. वैदिक वाङ्मयात महिने ऋतूंशी बांधलेले आहेत, तर पंचांगही ऋतूंशी जुळले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांग काढण्याच्या कामात होते. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. सणाची तारीख बदलायची म्हणजे घराघरातली सवय बदलायची, आणि ते गणितापेक्षा अवघड काम होते.

पण प्रश्न विरला नाही. स्वातंत्र्यानंतर देशात तीसएक प्रकारची पंचांगे चालत होती. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि त्यातल्या इतिहासाच्या भागाला दीक्षितांच्या कामाचा मोठा आधार होता. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचे वर्ष वसंत संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणजे ती सायन आहे. धार्मिक सणांसाठी समितीने निरयन परंपरेशी तडजोड केली. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ऐकू येणारी ‘भारतीय सौर’ तारीख ही त्याच निर्णयातून आलेली आहे.

मराठीतला ग्रंथ, जगाची प्रतीक्षा

१८९६ मध्येच दीक्षितांचे आणखी एक पुस्तक लंडनहून निघाले. मद्रास इलाख्यातले अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेले ‘द इंडियन कॅलेंडर’. इ.स. ३०० ते १९०० या काळातल्या भारतीय तिथींच्या इंग्रजी तारखा त्यातल्या कोष्टकांवरून काढता येतात. शिलालेख वाचणाऱ्यांच्या टेबलावर ते पुस्तक अनेक दशके राहिले. इंग्रजीत असल्यामुळे ते लगेच जगभर पोहोचले.

मराठी ग्रंथाला मात्र वाट पाहावी लागली. त्याचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये झाला. इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केला. हा अनुवाद रा. वि. वैद्य यांनी केला, जे साहा समितीचे एक सदस्य होते. तोवर दीक्षितांचे म्हणणे सविस्तर समजून घ्यायचे तर मराठी येणे भाग होते. विज्ञानाच्या इतिहासात असा मान फार थोड्या मराठी पुस्तकांना मिळाला आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. मराठी न जाणणाऱ्या संशोधकांना सत्तर वर्षे या ग्रंथातला बराच तपशील दुसऱ्यांच्या उल्लेखांतूनच कळत राहिला.

दीक्षितांचे निधन १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झाले. मोठा ग्रंथ छापून जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्यांच्यावर झालेली टीका आणि त्यांच्या कामाचा झालेला गौरव, यांतले बहुतेक त्यांना पाहायला मिळाले नाही.

दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा शहरापासून दूर, जिथे दिव्यांचा उजेड कमी आहे तिथे, कृत्तिकांचा लहानसा पुंजका उगवताना पाहता येईल. पूर्व दिशा होकायंत्राने नक्की करायची आणि अडीच मुठी मोजायच्या. २०२६ च्या नोव्हेंबरात मध्यरात्र उलटल्यावर पूर्वेला मघा नक्षत्राजवळ ठळक गुरूही दिसेल. सिंहस्थाची तारीख ज्या चालीवरून ठरली, ती चाल दोन-तीन महिने अधूनमधून पाहिली तर तो आधी पुढे सरकताना, मग थबकताना आणि मागे वळताना साध्या डोळ्यांनी कळतो.